तुमचा क्लायंट, त्यांचं पोर्टल: सॉफ्टवेअर कंपनीच स्पर्धेत उतरते तेव्हा कर सल्लागाराने काय करावं

रिटर्नचा हंगाम संपत आला होता आणि एका जुन्या क्लायंट बाईंचा फोन आला. चौदा वर्षं त्यांचं रिटर्न माझ्याकडे आहे. त्या म्हणाल्या, “यंदा तुमच्याऐवजी तुमच्या ऑनलाइन माणसाकडून करून घेतलं तर चालेल ना? तुमच्याकडूनच मेल आलाय, लवकर होतं म्हणे.” मी असा कुठलाही मेल पाठवला नव्हता. त्यांना तो मला पाठवायला सांगितलं. उघडून बघतो तर वर क्लायंट ज्यावर कागद चढवतात त्या आमच्या पोर्टलचंच चिन्ह, तोच निळा पट्टा, आणि पाठवणाऱ्याचा पत्ताही तोच, ज्यावरून दर वर्षी “कागदपत्रं जोडायची राहिली आहेत” अशी आठवण जाते. खाली एक बटण होतं. ते दाबलं की गाठ पडत होती कंपनीच्या स्वतःच्या कर तज्ज्ञाशी.

ज्या सॉफ्टवेअर कंपनीला मी दर वर्षी लायसन्सचे पैसे भरतो, तिने मीच नोंदवलेल्या पत्त्यावर माझ्याच क्लायंटला माझ्याऐवजी स्वतःची सेवा देऊ केली होती. बाईंची यात काही चूक नव्हती. पोर्टलवर कंपनीचं नाव ठळक आणि माझं नाव कोपऱ्यात बारीक. त्यांच्या दृष्टीने आम्ही दोघं एकच होतो.

त्यानंतरच्या तीन हंगामांत मी जे जे केलं, त्यातलं जे खरोखर उपयोगी पडलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. सॉफ्टवेअर भाड्याचं असायला हरकत नाही. पण क्लायंटशी असलेलं नातं आणि त्याचे कागद भाड्याच्या जागेत ठेवायचे नाहीत, एवढ्या एका गोष्टीभोवती पुढच्या सगळ्या पायऱ्या आहेत.

आधी थोडं मागे जाऊन

हा प्रकार सगळ्यात स्पष्ट दिसतो तो अमेरिकेत. इंट्यूट ही कंपनी १९८३ मध्ये सुरू झाली. सामान्य करदात्याने स्वतः रिटर्न भरावं म्हणून असलेलं टर्बोटॅक्स तिच्याकडे १९९३ मध्ये आलं आणि व्यावसायिकांसाठीचं लॅसर्ट तिने १९९८ मध्ये विकत घेतलं. बरीच वर्षं ही दोन दुकानं वेगळी होती: ज्याला स्वतः भरायचं तो एका दारातून जायचा, ज्याला सल्लागार हवा त्याचा सल्लागार दुसऱ्या दारातून. २०१७ च्या अखेरीस टर्बोटॅक्स लाइव्ह आलं आणि पडद्यावर जिवंत तज्ज्ञ दिसू लागला. काही वर्षांतच ‘तुम्ही कागद द्या, रिटर्न आम्ही करतो’ अशी पूर्ण सेवाही आली. म्हणजे सल्लागाराला अवजार विकणारी कंपनी सल्लागाराचंच काम करू लागली.

ती एकटी नाही. टॅक्सॲक्ट आणि टॅक्सस्लेयर करदात्यालाही विकतात आणि व्यावसायिकांसाठीही त्यांच्या आवृत्त्या आहेत. सिनव्हेन या गुंतवणूक कंपनीच्या हाती व्यावसायिकांचं ड्रेक आधीपासून होतं. २०२२ च्या अखेरीस तिने टॅक्सॲक्टही घेतलं. तुमचा विक्रेता आज फक्त व्यावसायिकांनाच विकत असला, तरी उद्या त्याचा मालक कोण असेल हे तुमच्या हातात नाही.

हे का होतं, ते समजून घेतलं की चिडचिड कमी होते. कर नियमांचं इंजिन एकदा तयार झालं की त्यावर एक रिटर्न काढा नाहीतर लाख, कंपनीचा खर्च फारसा वाढत नाही. तिची वाढ अडते ती करदात्याच्या भीतीपाशी: “चुकलं तर?” ती भीती घालवायला माणूस लागतो, म्हणून कंपनी माणूस नेमते. हे बहुतेक वेळा बेकायदा नसतं. म्हणून भांडणात शक्ती घालवण्यापेक्षा आपली बाजू बांधून घेतलेली बरी.

पायरी १: एक दुपार स्वतःचेच क्लायंट व्हा

हंगाम नसताना एक दुपार मोकळी ठेवा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्याच दुसऱ्या ईमेल पत्त्याने एक नवा क्लायंट नोंदवा. मग क्लायंटच्या जागी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं करा: आमंत्रणाचा मेल उघडा, पासवर्ड ठेवा, कागद चढवा, प्रश्नावली भरा, सही करा, फी भरा. प्रत्येक पडद्याचं चित्र काढून ठेवा आणि एका वहीत तीन गोष्टी लिहा. इथे कोणाचं नाव दिसतं? हा मेल कोणाच्या पत्त्यावरून आला? या पानावरून कंपनीच्या दुसऱ्या सेवेकडे जायची वाट आहे का?

मी हे केलं तेव्हा माझी खात्री होती की अशी एखाददुसरी जागा सापडेल. सापडल्या सात. आमंत्रणाच्या मेलच्या तळाशी कंपनीच्या ॲपची लिंक. नोंदणी करताना “आमच्या सेवांबद्दल माहिती मिळावी” या चौकटीत आधीच केलेली खूण. सही झाल्यावर येणाऱ्या “अभिनंदन” पानावर कर्जाची जाहिरात. परतावा कुठवर आला हे पाहण्याच्या पानावर कंपनीच्या दुसऱ्या हिशेबी सेवेचं बटण. फीची पावती कंपनीच्या नावाने. मोबाइल ॲपवर माझं नावच नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे, क्लायंटने माझ्या पोर्टलवर उघडलेलं खातं हे प्रत्यक्षात कंपनीचं सर्वसाधारण ग्राहक खातं होतं. क्लायंट मला सोडून गेला, किंवा मी कंपनीला सोडून गेलो, तरी ते खातं कंपनीकडे राहणार होतं.

ही सातवी गोष्ट तुमच्याकडे आहे का, ते आधी तपासा. बाकीच्या सहा सेटिंग बदलून किंवा कंपनीकडे मागणी करून बऱ्याच अंशी मिटतात. ही मिटत नाही. क्लायंटचं लॉगिन कंपनीचं असेल, तर तो क्लायंट कंपनीच्या यादीत थेट ग्राहक म्हणून बसलेला असतो.

दुपार संपायच्या आत तो चाचणीचा क्लायंट पुसू नका. तो पूर्ण वर्षभर तसाच ठेवा. कंपनी करदात्यांना जे जे मेल पाठवते ते त्या पत्त्यावर येत राहतील आणि क्लायंटच्या आधी तुम्हाला कळेल. हा एकच उपाय बिनखर्चाचा आहे आणि मला सर्वांत जास्त कामी आला.

पायरी २: करार काढा आणि चार कलमं शोधा

लायसन्सचा करार आपल्यापैकी फार थोडे जण वाचतात. मीही अकरा वर्षं “मान्य आहे” वर बोट ठेवत होतो. सगळा करार वाचायची गरज नाही, चार जागा शोधा.

पहिली, क्लायंटची माहिती कशासाठी वापरता येईल. “सेवा पुरवण्यासाठी” एवढंच लिहिलं असेल तर ठीक. “सेवा सुधारण्यासाठी” हे शब्द आले की सावध व्हा, आणि “समूहातील कंपन्या व भागीदारांच्या सेवा देऊ करण्यासाठी” असं असेल तर माझ्या क्लायंटला आलेल्या मेलचं मूळ तुम्हाला तिथेच मिळेल. दुसरी, यंत्रबुद्धीच्या सोयींबद्दलची. तुम्ही चढवलेल्या कागदांवर कंपनीचं एआय शिकवलं जातं का, आणि ते बंद करता येतं का? तिसरी, करार संपल्यावर माहिती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवस मिळेल. चौथी, नूतनीकरण आपोआप होतं का आणि नको असेल तर किती दिवस आधी कळवावं लागतं.

कायदा काय म्हणतो, तेही बघा. अमेरिकेत महसूल संहितेचं कलम ७२१६ आहे. रिटर्नसाठी मिळालेली माहिती करदात्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरणं किंवा उघड करणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, आणि त्याच्या नियमांत रिटर्नचं सॉफ्टवेअर तयार करणारेही येतात. युरोपात जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्याचं २८ वं कलम सांगतं की दुसऱ्याच्या वतीने माहिती हाताळणाऱ्याने फक्त त्याच्या लेखी सूचनेप्रमाणे वागायचं. त्याने स्वतःच उद्देश ठरवला, तर जबाबदारीही त्याच्यावर येते. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात, माहिती गोळा करणारा आपलं काम दुसऱ्याकडून करून घेत असला तरी जबाबदारी मूळ माणसावरच राहते. तीनही ठिकाणी धागा एकच आहे: तुमच्या क्लायंटच्या माहितीचं काय झालं, हा प्रश्न शेवटी तुम्हालाही विचारला जाऊ शकतो.

ही भीती पोकळ नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये द मार्कअप या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की एच अँड आर ब्लॉक, टॅक्सॲक्ट आणि टॅक्सस्लेयर यांच्या संकेतस्थळांवरून करदात्यांची संवेदनशील माहिती मेटाच्या पिक्सेल या, संकेतस्थळावरच्या हालचाली टिपणाऱ्या साधनातून फेसबुककडे जात होती. जाणाऱ्या माहितीत काही ठिकाणी उत्पन्न आणि परताव्याचे आकडेही होते. करदात्यांना त्याची कल्पना नव्हती.

कलमं वाचून झाली की कंपनीला लेखी विचारा. फोनवर विचारू नका. फोनवर गोड उत्तर मिळतं आणि हातात काही राहत नाही. मी पाठवलेला मजकूर साधारण असा होता, हवा तर घ्या:

“आमच्या खात्यातून नोंदवलेल्या करदात्यांचे संपर्क व आर्थिक तपशील आपली कंपनी किंवा समूहातील अन्य कंपन्या स्वतःच्या सेवांच्या प्रचारासाठी वापरतात का? वापरत असल्यास आमच्या सर्व क्लायंटसाठी तो वापर थांबवावा आणि तसे लेखी कळवावे. आम्ही चढवलेली कागदपत्रे एआय प्रणाली शिकवण्यासाठी वापरली जातात का? आमच्या क्लायंटचे लॉगिन हे आपले ग्राहक खाते आहे की आमच्या खात्याचा भाग? करार संपल्यास सर्व वर्षांची माहिती कोणत्या स्वरूपात मिळेल?”

मला पहिलं उत्तर आलं ते तयार साच्यातलं. दुसऱ्यांदा पाठवताना तेच प्रश्न क्रमांक घालून लिहिले आणि प्रत्येकाचं ‘हो’ किंवा ‘नाही’ मागितलं. तिसऱ्या मेलनंतर प्रचाराचे मेल बंद करण्याची सोय आहे असं कळलं. ती सेटिंगमध्ये होती, पण तीन पानं आत, आणि कोणी सांगितल्याशिवाय सापडली नसती.

पायरी ३: कागदांचं घर स्वतःचं

कंपनीच्या ढगात, म्हणजे क्लाउडवर, सगळं आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. ६ मे २०१९ रोजी वोल्टर्स क्लुवर या मोठ्या कंपनीला आपल्या यंत्रणेत मालवेअर सापडलं आणि तिने सीसीएच या आपल्या कर-सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन सेवा खबरदारी म्हणून बंद ठेवल्या. तिच्यावर अवलंबून असलेल्या करतज्ज्ञांचं काम काही दिवस ठप्प झालं, आणि काही रिटर्नांची मुदत होती १५ मेला. तिथे स्पर्धेचा प्रश्न नव्हता, नुसता अपघात होता. पण ज्याच्याकडे कागदांची स्वतःची प्रत होती त्याला निदान काय राहिलंय हे तरी कळत होतं.

प्रत्येक क्लायंटसाठी स्वतःच्या ताब्यातल्या, कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जागेत एक फोल्डर करा. त्यात वर्षानुसार चार गोष्टी असाव्यात: दाखल केलेलं रिटर्न आणि पोच, त्यासाठी आलेले मूळ कागद, पुढच्या वर्षी ओढून नेण्याच्या गोष्टी, आणि तुमची टिपणं.

तिसऱ्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. पीडीएफमध्ये रिटर्न दिसतं, पण पुढे ओढायचे तोटे कोणत्या वर्षाचे किती उरले, मालमत्तेवर आजवर घसारा किती घेतला, शेअर कोणत्या तारखेला कोणत्या भावाने घेतले, एखादा पर्याय एकदा निवडला की पुढे किती वर्षं बांधून राहतो, हे सगळं सॉफ्टवेअरच्या पोटात असतं. सॉफ्टवेअर बदललं की नव्यात मागच्या वर्षाचं रिटर्न आपोआप येतं असं विक्रेते सांगतात. येतं, पण नाव-पत्ता आणि ठळक आकडे. घसाऱ्याचा तक्ता बरेचदा अर्धवट येतो. म्हणून हे सर्व दर वर्षी रिटर्न दाखल केल्याच्या दिवशीच एका साध्या तक्त्यात उतरवून ठेवा. एका क्लायंटला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मी आधी हे हंगाम संपल्यावर एकदम करायचो आणि ते कधीच पूर्ण झालं नाही. रोज केलं तेव्हा झालं.

चौथी गोष्ट, टिपणं, ही तर खास तुमची. “मुलगी पुढच्या वर्षी शिक्षणाला परदेशी जाणार”, “भावाशी घराची वाटणी अजून कागदावर नाही”, “नोकरी सोडून धंदा करायचा विचार आहे.” हे कंपनीच्या रकान्यात लिहू नका. स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहा.

आणि वर्षातून एकदा खरोखर परीक्षा घ्या: कोणताही एक क्लायंट निवडा, सॉफ्टवेअर न उघडता नुसत्या फोल्डरवरून त्याचं मागचं रिटर्न दुसऱ्या कोणाला समजावून सांगता येतं का ते बघा. अडखळलात, तर फोल्डरमध्ये काय कमी आहे ते लगेच कळेल.

पायरी ४: क्लायंटला सरळ सांगा

इथे दोन चुका होतात. काही जण गप्प बसतात, काही जण कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. दोन्हींनी क्लायंट गोंधळतो. दुसऱ्या प्रकाराने तर तो विचारतो, “मग तुम्ही ते सॉफ्टवेअर वापरता कशाला?”

हंगामाच्या सुरुवातीला, स्वतःच्या पत्त्यावरून, एक छोटं पत्र पाठवा. माझ्या पत्रातला मुख्य भाग असा आहे:

“आपलं रिटर्न तयार करण्यासाठी आम्ही एका कंपनीचं सॉफ्टवेअर वापरतो. त्या कंपनीच्या स्वतःच्याही सेवा आहेत आणि त्यांबद्दल आपल्याला मेल येऊ शकतात. ते आमच्याकडून नसतात. आमचा मेल नेहमी याच पत्त्यावरून येईल. आपल्या माहितीचा वापर रिटर्नखेरीज अन्य कशासाठी करण्याची परवानगी देणारी चौकट समोर आली, तर खूण करण्याआधी आम्हाला एक फोन करा.”

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. संमतीचं कलम कितीही कडक असलं, तरी क्लायंटने घाईत खूण केली की तेवढ्या वापराला वाट मिळते. बहुतेकांना वाटतं की ती खूण केल्याशिवाय रिटर्न पुढे जाणार नाही.

जमेल तिथे पत्रव्यवहार स्वतःच्या डोमेनवर आणा, फीची पावती स्वतःच्या नावाने द्या, आणि पोर्टलचा वापर फक्त कागद चढवणं व सही एवढ्यापुरता ठेवा. पोर्टल दुसऱ्या कोणाचं घेता आलं, म्हणजे रिटर्नशी संबंध नसलेल्या कंपनीचं, तर आणखी बरं.

पायरी ५: कंपनी काय करू शकते आणि काय नाही, हे आपल्याच फायली उघडून ठरवा

“यंत्राला माणसाची सर येणार नाही” असं म्हणून स्वतःची समजूत घालू नका. एका नोकरीचा पगार, एका बँकेचं व्याज, बाकी काही नाही, अशा रिटर्नला कंपनीचं इंजिन पुरतं, आणि स्वस्तातही पुरतं. हे मान्य केलं तरच पुढचं नीट दिसतं.

आपल्या सगळ्या क्लायंटच्या यादीचे तीन ढीग करा. पहिल्यात सरळ रिटर्नं. दुसऱ्यात अशी, जी सरळ दिसतात पण वर्षात एखादी गोष्ट घडली की वळण घेतात. तिसऱ्यात कायम विचार लागणारी: धंदा, भागीदारी, दोन देशांतलं उत्पन्न, वारसा, चालू असलेली नोटीस.

दुसऱ्या ढिगातलं एक उदाहरण जवळून बघू. क्लायंटने वडिलांकडून आलेलं घर विकलं. सॉफ्टवेअर विचारतं: विक्रीची किंमत, खरेदीची किंमत. दोन रकाने. क्लायंटच्या मनात येतं, मी तर काहीच दिलं नाही, म्हणजे शून्य. किंवा त्याला आठवतं वडिलांनी किती दिले ते. आता अमेरिकेत वारशाने आलेल्या मालमत्तेची किंमत साधारणपणे मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात, आणि भारतात आधीच्या मालकाला पडलेली किंमत पुढे चालते. म्हणजे त्याच रकान्यात एका देशात एक उत्तर बरोबर आणि दुसऱ्या देशात दुसरं. शिवाय मधे घराला मजला चढवला होता का? बहिणीचा हिस्सा होता का, आणि तिने सोडला असेल तर मोबदला घेतला का? विक्रीचे पैसे कुठे गेले? यातला एकही प्रश्न क्लायंट स्वतःहून विचारत नाही, कारण असा प्रश्न असतो हेच त्याला ठाऊक नसतं. पडद्यावरचा तज्ज्ञ कितीही हुशार असला तरी तो त्या रकान्यापाशी येतो तेव्हा घर विकून झालेलं असतं. तुम्ही मात्र मागच्या वर्षीच्या टिपणात “घर विकायचं म्हणतात” असं लिहून ठेवलेलं असतं, आणि करारावर सही व्हायच्या आधी फोन करू शकता.

आपली जागा इथे आहे, रकान्याच्या आधीच्या काळात. म्हणून कामाचं वेळापत्रकच बदला. माझ्याकडे सगळं काम मुदतीच्या आधीच्या दोन महिन्यांत व्हायचं. आता तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येकाशी आणि दुसऱ्यातल्या निवडकांशी वर्ष संपायच्या तीन महिने आधी अर्ध्या तासाचं बोलणं ठरलेलं असतं. पाच प्रश्न विचारतो: यंदा काही विकलं का, काही विकत घ्यायचंय का, घरात कोणी आलं किंवा गेलं का, कामधंद्यात बदल आहे का, कर विभागाकडून एखादं पत्र आलंय का. शेवटच्या प्रश्नाला दर वर्षी कोणीतरी खिशातून घडी घातलेला कागद काढतं, आणि ती नोटीस असते.

फीचं काय? फॉर्मच्या संख्येवर फी लावत असाल तर ती पद्धत सोडा, कारण फॉर्म भरणं हीच गोष्ट कंपनी जवळपास फुकट देते. बोलणं, नियोजन, रिटर्न आणि नोटिशीचं पहिलं उत्तर असं मिळून वर्षाची एक फी ठरवा आणि त्यात काय येतं, काय येत नाही, हे लिहून द्या. पहिल्या ढिगातल्यांसाठी फी पाडू नका. त्या शर्यतीत तुम्ही हरणार, आणि हरेपर्यंत तिसऱ्या ढिगाला द्यायचा वेळ संपलेला असणार. त्यांना प्रामाणिकपणे सांगा: “तुमचं रिटर्न सरळ आहे, तुम्ही स्वतः भरलंत तरी चालेल. काही विकलंत, वारसा आला, धंदा काढलात किंवा नोटीस आली तर आधी माझ्याकडे या.” मी असं सांगितलेले काही जण पुढच्याच वर्षी परत आले, एक जण तर नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केल्यावर.

पायरी ६: दुसरं सॉफ्टवेअर माहीत असू द्या

आजचं सोडाच, असं मी म्हणत नाही. हंगामाच्या तोंडावर तर मुळीच नाही. पण दुसरा पर्याय हाताखालून गेलेला असावा. हंगाम झाल्यावर चाचणीची आवृत्ती घ्या आणि आधीच दाखल झालेली दहा रिटर्नं त्यात पुन्हा करा. सोपी दोन, मधली तीन, अवघड पाच. नावं आणि ओळख क्रमांक बदलून टाका. कराचा आकडा रुपया-पैशापर्यंत जुळतो का बघा. नाही जुळला तर कारण मिळेपर्यंत सोडू नका. एकदा मला फरक सापडला आणि चूक जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मीच केलेली निघाली. त्या क्लायंटचं सुधारित रिटर्न भरावं लागलं.

नव्या विक्रेत्यालाही पायरी २ मधले तेच प्रश्न लेखी विचारा, आणि एक जास्तीचा: तुमच्या मालकाची किंवा समूहाची करदात्याला थेट विकली जाणारी सेवा आहे का?

कार्यालयात दोघं-तिघंच असतील तर पूर्ण बदल दोन हंगामांत करा. पहिल्या वर्षी फक्त नवे क्लायंट आणि सरळ रिटर्नं नव्यात घ्या, घसारा आणि पुढे ओढलेले तोटे असलेली दुसऱ्या वर्षी.

कंपनीकडून ‘आमच्याकडे या’ असा प्रस्ताव आला तर

काही कंपन्या सल्लागारांनाच हंगामी तज्ज्ञ म्हणून घेतात किंवा ग्राहक मिळवून देण्याच्या योजनेत सामील करून घेतात. नवीन माणसाला, जिथे फार क्लायंट नाहीत तिथे, अनुभवासाठी हे वाईट नाही. प्रस्थापित माणसाने तीन गोष्टी विचाराव्यात. तिथे भेटलेला करदाता पुढच्या वर्षी थेट माझ्याकडे येऊ शकतो का, की करार अडवतो? फी आणि कामाची पद्धत कोण ठरवतं? आणि सही माझी असेल तर चुकीची जबाबदारी कोणाची? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तुम्ही तिथे क्लायंट मिळवत नाही, दुसऱ्याचे क्लायंट सांभाळता आहात. हे समजून उमजून केलं तर ठीक.

एकट्याने मागणं आणि मिळून मागणं

माझ्या एकट्याच्या मेलला साच्यातलं उत्तर आलं होतं, हे वर लिहिलंच आहे. नंतर आमच्या ओळखीतल्या, तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अठरा जणांनी एकाच मजकुराचं पत्र एकाच आठवड्यात, आपापल्या ग्राहक क्रमांकासह पाठवलं. त्यानंतर कंपनीच्या एका जबाबदार माणसाने आम्हा सगळ्यांशी एकत्र बोलायची वेळ दिली. क्लायंटच्या ॲपवर सल्लागाराचं नाव वर आणण्याचं त्यांनी मान्य केलं आणि पुढच्या आवृत्तीत ते झालंही. लॉगिन मात्र अजून त्यांचंच आहे. तुमच्या व्यावसायिक संघटनेत असा गट नसेल तर तुम्ही सुरू करा. त्याला सभा-ठराव लागत नाहीत, एक यादी आणि एक पत्र पुरतं.

पत्र पाठवायची योग्य वेळ नूतनीकरणाच्या आधीची. पैसे भरून झाल्यावर आपलं ऐकायची त्यांना घाई नसते. म्हणून आजच करारातली ती चौथी जागा उघडा, नूतनीकरणाची तारीख आणि आधी कळवण्याचे दिवस बघा, आणि त्या शेवटच्या दिवसाच्याही एक महिना आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी टेबलावर तीन गोष्टी असू द्या: चाचणीच्या क्लायंटला वर्षभरात आलेले सगळे मेल छापून, पायरी २ च्या प्रश्नांना कंपनीने दिलेली उत्तरं, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या दहा रिटर्नांचा ताळा.